हेंद्रेपाड्याच्या आभाळातला चांदोबा

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे चैत्र शुद्ध द्वितीयेला, सूर्य मावळून अर्धा तास झाला की बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातल्या एखाद्या गच्चीवर जावे आणि मावळतीकडे पाहावे. डोंगररांगेच्या वर, अजून पुरता न विझलेल्या उजेडात, बीजेची कोर असते. दोन्ही टोके आभाळाकडे करून ती आडवी पडलेली दिसते, पाण्यात सोडलेल्या होडीसारखी. लोकलने दोन स्थानके कल्याणच्या दिशेने गेले की उल्हासनगर लागते. तिथल्या सिंधी घरांत याच कोरीच्या हिशेबाने चेटीचंड येतो आणि नवे वर्ष सुरू होते.

लहान मुलांच्या गोष्टींतला चंद्र हा निव्वळ कल्पनेचा खेळ, असे आपण धरून चालतो. चांदोबा मामा होतो, त्याच्या अंगावर ससा बसतो, तो आईकडे अंगरखा मागतो, गाडीबरोबर धावतो. मूल मोठे झाले की हे सारे मागे टाकायचे आणि उपग्रह, कला, ग्रहणे शिकायची, अशी आपली शाळेची रीत. मला ही वाटणी मान्य नाही. या गोष्टी एकेक करून तपासल्या, तर बहुतेकींच्या मुळाशी कोणीतरी चंद्राकडे मन लावून पाहिल्याची खूण सापडते. ते पाहणेही कुठल्या तरी ठरावीक जागेवरून झालेले असते. हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीतून ते आजही पडताळता येते आणि त्याला दुर्बीण लागत नाही.

आडव्या कोरीचेच पाहा. चंद्राची उजळलेली कड नेहमी सूर्याच्या दिशेला असते. संध्याकाळी सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो आणि चंद्र त्याच्या वर असतो. मात्र तो अगदी डोक्यावर आहे की बाजूला सरकलेला आहे, हे सूर्य-चंद्र ज्या वाटेने आकाशात फिरतात त्या वाटेच्या, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या, कलावर ठरते. बदलापूर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी क्रांतिवृत्त इथे मावळतीच्या क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभे राहते. सूर्य चंद्राच्या थेट खाली येतो, उजेड चंद्राच्या तळाशी पडतो आणि कोर आडवी होते. लंडन ५१ अंशांच्या पुढे आहे. तिथे हाच कोन वसंतात साठ अंशांच्या आसपास असतो आणि सप्टेंबरात पंधरा अंशांवर येतो. त्यामुळे तिथली कोर कललेली दिसते, शरदात तर जवळपास उभीच. युरोपातल्या जुन्या बालपुस्तकांत चंद्र उभा काढतात, त्याला बाजूने दिसणारे नाक-हनुवटीचे तोंड देतात, वरच्या टोकावर रात्रीची टोपी अडकवतात. तिथल्या चित्रकारांनी आपल्या खिडकीतून जे पाहिले तेच काढले.

आपल्याकडे शंकराच्या जटेतली कोर आडवी असते आणि कपाळावरची चंद्रकोर टिकलीही आडवीच. हेंद्रेपाड्यापासून एका स्थानकावर अंबरनाथचे शिवालय आहे. त्यावरच्या शिलालेखात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख असून ते शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले आहे. माथ्यावर चंद्र धारण करणाऱ्या देवाची पूजा इथे साडेनऊशेहून अधिक वर्षे चालू आहे, आणि चैत्रातली कोर तेव्हाही याच आकाशात अशीच पहुडत होती. इथल्या चित्रकाराला कोर उभी काढावी असे वाटण्याचे कारणच नव्हते. ती बारा महिने सारखी आडवी नसते, हेही सांगायला हवे. भाऊबीजेच्या संध्याकाळी क्रांतिवृत्ताचा कोन पन्नास अंशांच्या आसपास उतरलेला असतो आणि कोर स्पष्टपणे एका बाजूला कललेली दिसते. पाडव्यानंतरची बीज आणि दिवाळीतली बीज यांची दोन चित्रे मुलांकडून वहीत काढून घेतली, तर पृथ्वीच्या आसाचा कल समजावण्यासाठी वेगळा तक्ता लागणार नाही.

उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांचे या कोरीशी असलेले नाते मला फार मोलाचे वाटते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. घर, शेत, दुकान, नदी, सगळे मागे राहिले होते. अमावास्येनंतर पहिल्यांदा दिसणाऱ्या चंद्राला हात जोडण्याची, सिंधींचे आराध्य दैवत झूलेलालचे नाव घेण्याची रीत मात्र सोबत आली. ही रीत पाळण्यासाठी जे लागते ते आकाशात असते, त्यामुळे ते हद्दीपलीकडे राहू शकत नाही. भूगोलही इथे मदतीला आला. सिंधमधले सक्कर २७ ते २८ अक्षांशांच्या मध्ये आहे. चैत्राच्या बीजेला तिथला कोन पंच्याऐंशी अंशांच्या घरात जातो, म्हणजे तिथली कोरही आडवीच. छावणीच्या बराकीबाहेर उभ्या राहिलेल्या आजीने नातवंडाला जो चंद्र दाखवला, तो सिंधूकाठी पाहिला होता तसाच दिसत होता. सिंधी चित्रांत झूलेलाल पल्ला माशावर, नदीच्या पाण्यावर बसलेला असतो. ज्या रात्री तो आठवायचा, त्या रात्रीची कोर होडीच्या आकाराची, हा योग मुलांच्या मनात किती चित्रे उभी करत असेल.

चांदोबा मामा का, काका का नाही, हा प्रश्न मुले विचारतातच. पुराणाचे उत्तर असे, की समुद्रमंथनातून लक्ष्मी आली आणि चंद्रही आला, म्हणून तो लक्ष्मीचा भाऊ. लक्ष्मी ही जगाची आई, तेव्हा आईचा भाऊ तो मामा. महाराष्ट्रात याहून जवळचे उत्तर आहे. भाऊबीजेला जिला सख्खा भाऊ नाही, किंवा ज्या बाईचा भाऊ दूर आहे, ती अंगणात किंवा गॅलरीत येऊन चंद्राला ओवाळते. मूल बाजूला उभे राहून हे पाहते. आईने ज्याला भाऊ म्हणून ओवाळले तो आपला मामा, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. या प्रथेत निरीक्षणही आहे. कार्तिक शुद्ध द्वितीयेला चंद्र सूर्यापाठोपाठ लवकरच मावळतो, त्यामुळे ओवाळणे तिन्हीसांजेला उरकावे लागते. उशीर केला तर मामा निघून गेलेला असतो.

तिथींवर चालणाऱ्या घरात मुलाला चंद्राचे वेळापत्रक आपोआप पाठ होते. संकष्टीला आईचा उपास, आणि चंद्र वर आल्याशिवाय पान वाढले जात नाही. कृष्ण चतुर्थीचा चंद्र साधारण रात्री नऊच्या मागेपुढे उगवतो, कारण पौर्णिमेनंतर तो दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केल्यापासून ही चंद्रोदयाची वेळ घराघरांतल्या भिंतीवर आली. गणपती उंदरावरून पडला तेव्हा चंद्र हसला आणि त्याला शाप मिळाला, ही गोष्ट मुलांनी ऐकायची ती बहुधा अशा वाट पाहण्याच्या वेळीच. दक्षाच्या सत्तावीस मुलींची कथा तर चक्क पंचांग आहे. चंद्राने सत्तावीस बायकांपैकी रोहिणीवरच जीव लावला, म्हणून सासऱ्याने त्याला क्षयाचा शाप दिला. तारकांच्या संदर्भात चंद्राची एक फेरी २७.३ दिवसांत पुरी होते. रात्रीमागून रात्र तो एकेका नक्षत्राच्या घरी मुक्काम करतो, हे ज्यांनी मोजले त्यांनीच ती गोष्ट रचली.

आता ससा. चंद्रावरचे काळे डाग हे तीन ते चार अब्ज वर्षांपूर्वी वितळलेल्या लाव्ह्याने भरलेले खोलगट प्रदेश आहेत. तो लाव्हा थिजून काळसर बेसाल्ट झाला. जुन्या युरोपीय निरीक्षकांना ते समुद्र वाटले, म्हणून नावेही समुद्रांची पडली. भारतात, चीनमध्ये, जपानमध्ये आणि समुद्रापलीकडे मेक्सिकोच्या प्राचीन लोकांतही त्या डागांचा ससा झाला. डागांकडे पाहून त्याचा एकेक अवयव दाखवता येतो. शांततेचा समुद्र हे सशाचे डोके. सुपीकतेचा समुद्र आणि अमृताचा समुद्र हे दोन कान. प्रसन्नतेच्या समुद्रापासून पुढे पर्जन्यसागर आणि वादळांचा महासागर अशी पाठ आणि धड. या सशाची मजा अशी, की तो रात्रभर एका स्थितीत राहत नाही. हेंद्रेपाड्यातून पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला, बारवी धरणाच्या बाजूला वर येताना दिसतो, तेव्हा सशाचे डोके वरच्या अंगाला आणि कान उजवीकडे वर उठलेले असतात. तो नीट बसलेला असतो. पहाटे पश्चिमेला उतरेपर्यंत तोच ससा डोके खाली करून कलंडलेला दिसतो. ससा पाहायचा तो चंद्र उगवताना. मुलांची जेवायची वेळ आणि पौर्णिमेच्या चंद्रोदयाची वेळ जवळजवळ एकच, हेही या गोष्टीच्या दीर्घायुष्याचे कारण असावे.

सशाची सर्वांत सुंदर कथा जातकांत आहे. ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर असे चार मित्र असतात. आकाशातला चंद्र पाहून ससा ओळखतो की उद्या उपोसथ आहे, दान द्यायचा दिवस आहे. दुसऱ्या दिवशी शक्र, म्हणजे इंद्र, ब्राह्मणाच्या रूपात येतो. बाकीच्यांकडे द्यायला काही ना काही असते, सशाकडे गवताखेरीज काही नसते. म्हणून तो स्वतःलाच आगीत टाकतो. आग त्याला पोळत नाही. शक्र डोंगर पिळून त्याचा रस काढतो आणि त्या रसाने सशाचे चित्र चंद्रावर काढून ठेवतो, म्हणजे कल्पभर ते सर्वांना दिसत राहील. या कथेचा आरंभ चंद्राकडे पाहून तिथी ओळखण्यात आहे आणि शेवट चंद्रावरच्या डागांत. दोन्ही टोके निरीक्षणाला बांधलेली आहेत.

पंचतंत्रातला ससा वेगळ्या स्वभावाचा आहे. तळ्यावर येऊन सशांना चिरडणाऱ्या हत्तींच्या राजाला तो रात्री पाण्यातले चंद्रबिंब दाखवतो. हत्तीच्या सोंडेने पाणी हलते, बिंब थरथरते आणि चंद्र रागावला असे समजून हत्ती निघून जातो. आपल्या मुलांना ही गोष्ट शहाणपणाची म्हणून सांगितली जाते, पण तिचा सगळा भार पाण्यातल्या प्रतिबिंबावर आहे. ही कथा सहाव्या शतकात पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात अरबीत आली आणि पुढे युरोपभर पसरली. तळ्यातला चंद्र कुठेही समजावून सांगावा लागला नाही.

अंगरख्याच्या गोष्टीचा प्रवास याहून विलक्षण आहे. चांदोबाला थंडी वाजते, तो आईला म्हणतो मला अंगरखा शिवून दे. आई म्हणते, बाळा, माप कुठल्या दिवशीचे घेऊ? तू तर रोज लहानमोठा होतोस, आणि एक दिवस दिसतच नाहीस. बालवाड्यांत ही गोष्ट सांगतात. हिंदीत रामधारी सिंह ‘दिनकर’ यांनी तिच्यावर मुलांची कविता लिहिली. आणि इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाच्या, सात शहाण्यांच्या मेजवानीवरच्या लेखनात हीच गोष्ट आहे. तिथेही ती आईने मुलाला सांगितलेली गोष्ट म्हणूनच येते. कोणी कोणाकडून घेतली हे शोधण्यात मला फारसा रस नाही. साडेएकोणतीस दिवसांत चंद्राचे कमी-जास्त होणे जगातल्या प्रत्येक आईला सारखेच दिसते, एवढे पुरे.

चंद्र आपल्याबरोबर येतो, ही मुलांची आणखी एक पक्की खात्री. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या जगाविषयीच्या समजुतींवरच्या पुस्तकात तिची नोंद केली. लहान मुले ठामपणे सांगतात की मी चाललो की चंद्र चालतो, मी थांबलो की थांबतो. बदलापूर लोकलच्या खिडकीत बसलेल्या मुलाला याचा अनुभव रोज येतो. अंबरनाथ सुटल्यावर खांब, झाडे, कारखान्यांची धुराडी मागे पळतात आणि चंद्र मात्र डब्याला धरून राहतो. अंबरनाथ ते बदलापूर अंतर सुमारे आठ किलोमीटर आहे. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आणि त्याचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर. आठ किलोमीटरच्या प्रवासामुळे तो आपल्या जागेवरून स्वतःच्या रुंदीच्या चारशेव्या भागाइतकाही हलत नाही. मूल जे पाहते ते अचूक आहे. फक्त त्याचे कारण त्याला पुढे कळायचे असते. लिंबोणीच्या झाडामागे लपणाऱ्या चांदोबाचे आपले बडबडगीत याच अनुभवाची दुसरी बाजू दाखवते. चंद्र इतका दूर आहे की अंगणातले लहानसे झाडही त्याला झाकू शकते, आणि मुलाने दोन पावले टाकली की तो पुन्हा बाहेर येतो. हा लपंडाव मुलाच्या स्वतःच्या पायांनी घडतो. याच झाडाआड चंद्राला झोपवणारी मधुसूदन कालेलकरांची अंगाई १९७७ च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटात आली आणि सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात मराठी घरांत कायमची राहिली.

वाचत्या मुलांना चांदोबा मासिकाच्या रूपाने भेटला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदामामा’ सुरू केले. १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघाली. हेच नागी रेड्डी आणि चक्रपाणी ‘पाताळ भैरवी’ आणि ‘मायाबझार’सारखे अद्भुतरम्य चित्रपटही काढत होते, आणि त्या पडद्यावरचे राजवाडे, राक्षस, जादू मासिकाच्या पानांतही उतरल्यासारखी वाटते. एम. टी. व्ही. आचार्य, वड्डादी पापय्या, ‘चित्रा’ आणि शंकर यांच्या चित्रांनी भारतातल्या कितीतरी पिढ्यांना राजा कसा दिसतो, ऋषी कसा बसतो, जंगल किती दाट असते हे शिकवले. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन चाललेला विक्रम हे शंकर यांचे चित्र. के. सी. शिवशंकरन हे त्यांचे पूर्ण नाव. २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मला नेहमी चकित करते. चंद्राचे नाव घेतलेल्या या मासिकाची सर्वांत गाजलेली, विक्रम-वेताळाची कथामालिका बिनचंद्राच्या रात्रीची आहे. वेताळपंचविशीच्या मूळ कथेत राजाला स्मशानात बोलावले जाते ते कृष्ण चतुर्दशीच्या रात्री. त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही आणि उगवतो तो जेमतेम रेघेएवढा. भीतीची गोष्ट सांगणाऱ्याने चांदोबाला जाणूनबुजून घरी पाठवले होते. २०१२-१३ च्या सुमारास ‘चांदोबा’ बंद पडला. मराठी मुलांसाठी हे मोठे नुकसान आहे आणि ते भरून निघालेले नाही.

चंद्रावर जाण्याची कल्पना मराठी मुलांपर्यंत ज्यूल व्हर्नमुळे पोचली. त्याची मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ ची. भा. रा. भागवतांनी ती ‘चंद्रावर स्वारी’ या नावाने मुलांसाठी मराठीत आणली. फास्टर फेणेच्या या निर्मात्याने व्हर्नची बरीच पुस्तके मराठी केली, आणि त्यातले शास्त्र पातळ न करता केली. व्हर्नने तीन माणसांना फ्लोरिडातून, एका अजस्र तोफेतून उडवले होते आणि पुढच्या भागात त्यांना प्रशांत महासागरात उतरवले. एकशेचार वर्षांनी अपोलो ११ फ्लोरिडातूनच निघाले, तीन माणसे घेऊन, आणि परत येताना प्रशांत महासागरातच उतरले. तोफेतून उडवलेली माणसे पहिल्या धक्क्यातच मेली असती. पण जागेची निवड नशिबाने बरोबर आलेली नव्हती. विषुववृत्ताच्या जवळचा प्रदेश उड्डाणाला सोयीचा, हे व्हर्नने हिशेबाने ठरवले होते.

अपोलो ११ चे ईगल हे यान चंद्रावर उतरले तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ ची रात्र होती आणि पावणेदोन वाजून गेले होते. शुक्ल पक्षातला सहा दिवसांचा चंद्र आपल्याकडे तोवर मावळलेला होता. उतरण्याची जागा होती शांततेचा समुद्र, म्हणजे सशाचे डोके. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स हे त्या मोहिमेतले तिघे मुंबईत आले, तेव्हा कोजागरी होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. ज्या मुलांनी आटीव दुधात चंद्र पाहिला होता, त्यांच्यातल्या काहींना त्या चंद्रावरून आलेली माणसे पाहायला मिळाली.

पुढचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. चांद्रयान-१ ने आपला धडक-शोधक चंद्रावर सोडला तो १४ नोव्हेंबर २००८ ला, बालदिनी. त्यावर तिरंगा रंगवलेला होता. चांद्रयान-३ चा विक्रम हा लँडर २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी दक्षिणेकडच्या उजळ, डोंगराळ भागात उतरला. ही जागा सशाच्या अंगाबाहेर, अमृताच्या समुद्राच्याही बरीच दक्षिणेला आहे. सशाच्या अंगावर मात्र आपले एक नाव आधीपासून आहे. प्रसन्नतेच्या समुद्रातल्या एका लहान विवराला विक्रम साराभाईंचे नाव दिलेले आहे. चीनने २०१३ साली चंद्रावर पाठवलेल्या गाडीचे नाव यूथू, म्हणजे त्यांच्या लोककथेतला जेड दगडाचा ससा. ती पर्जन्यसागरात उतरली, म्हणजे ससा सशाच्याच धडावर उतरला. अशा यंत्राला नाव मिळाले ते आजीच्या गोष्टीतून, हे मला योग्यच वाटते.

बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. मुंबईच्या खगोल मंडळाची रात्रभराची आकाशदर्शने तिथे अनेक वर्षे होत आली आहेत आणि त्यांतून शहरातल्या असंख्य मुलांनी पहिल्यांदा आकाशगंगा पाहिली. अशी शिबिरे अमावास्येच्या आसपास ठेवतात, कारण चंद्राच्या प्रकाशात मंद तारे बुडतात. आकाशनिरीक्षकाला चंद्र नको असतो, हे मुलांना ऐकून नवल वाटते. हेंद्रेपाड्यात आता उलट स्थिती आहे. इमारती वाढल्या, रस्त्यांवरचे पांढरे दिवे वाढले, औद्योगिक वसाहतीचा उजेड क्षितिजावर रात्रभर पसरलेला असतो. ध्रुव, अरुंधती, सप्तर्षींतले मंद तारे शोधावे लागतात. गोष्टींतल्या आकाशापैकी जे दिव्यांनी पुसता आलेले नाही असे फारच थोडे उरले आहे, आणि चंद्र त्यात पहिला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतूनही तो दिसतो. या भागातल्या मुलांसाठी आकाशाची शाळा आता त्याच्यापासूनच सुरू करावी लागेल.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना दोन विनंत्या आहेत. पौर्णिमेला चंद्र उगवण्याच्या वेळी मुलांना गच्चीवर न्या, सशाचे कान दाखवा आणि जातकातली गोष्ट तिथेच सांगा. वर्गात, दिवसाउजेडी, फळ्यावर चित्र काढून सांगू नका. दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. हेंद्रेपाड्यात आणि आजूबाजूला कोकणातून, देशावरून, खानदेशातून आलेली कुटुंबे राहतात. उल्हासनगरात सिंधमधून आलेल्यांची नातवंडे-पतवंडे आहेत, आणि बदलापूरच्या डोंगरपायथ्याच्या वाड्यांवर ठाकर आणि कातकरी घरे आहेत. प्रत्येक घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे चंद्राची एखादी गोष्ट असतेच, आणि ती बहुतेक वेळा कुठेही छापलेली नसते. शाळेतल्या मुलांना ती ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत वहीत उतरवायला सांगा आणि खाली सांगणाऱ्याचे गाव आणि वय लिहायला लावा. जुनी मराठी पुस्तके आणि मासिके जपणारे ग्रंथसखा वाचनालय बदलापुरातच आहे, आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक महाजालावर मोफत वाचता येतात. गोष्टी जमल्या की त्या ताडून पाहायला एवढे साहित्य पुरेसे आहे. हे काम येत्या सुट्टीतच हाती घ्या.